सोलापूर मुक्काम: तीन देवस्थानांचा खर्च आणि घरातल्या जादा खोलीचा हिशेब

अक्कलकोट, तुळजापूर आणि पंढरपूर अशा तिन्ही ठिकाणी एकेक रात्र राहणारे कुटुंब तीनदा खोली शोधते, तीनदा बॅगा उघडते आणि तीनदा बांधते. सोलापुरातून अक्कलकोट साधारण ४० किलोमीटर, तुळजापूर ४५ आणि पंढरपूर ७५. तिन्ही ठिकाणी सकाळी जाऊन संध्याकाळी परतता येते. म्हणून सोलापुरात एकाच जागी तीन रात्री राहणे सोयीचे आणि स्वस्तही पडते. अशा कुटुंबाला घरातली जादा खोली किंवा रिकामा फ्लॅट देता येतो. पण खोली देणाऱ्याने या कुटुंबाचा दिवस कसा जातो हे आधी नीट समजून घ्यायला हवे: पहाटे किती वाजता उठतात, अंघोळीला किती पाणी लागते, रात्री किती थकून येतात. म्हणून आधी प्रवासाचा हिशेब, मग खोलीचा.

आधी वार ठरवा, मग तिकीट काढा

गुरुवारी अक्कलकोटला गर्दी असते, मंगळवारी, शुक्रवारी आणि पौर्णिमेला तुळजापूरला, एकादशीला पंढरपूरला. गाणगापूर करायचे असेल तर तिथे पौर्णिमा आणि अमावास्या टाळा. सुट्टी शनिवार-रविवारचीच असेल तर इलाज नाही, पण एक-दोन दिवस पुढेमागे करता येत असतील तर सोमवारी अक्कलकोट, मंगळवारी पंढरपूर, बुधवारी तुळजापूर हा क्रम उत्तम. रांगेत चार तास गेले की परतीची बस चुकते, बाहेरचे दोन वेळचे जेवण वाढते आणि शेवटी चढ्या भावाची गाडी करून यावे लागते. सहलीचा खर्च बहुतेक इथेच फुगतो.

पंढरपुरात पददर्शन आणि मुखदर्शन यांच्या रांगा वेगळ्या असतात. तान्हे मूल किंवा गुडघे दुखणारी आजी बरोबर असेल तर मुखदर्शन घ्या. पददर्शनाचा हट्ट असेल तर घरातल्या दोघांनी त्या रांगेत जावे, बाकीच्यांनी मुखदर्शन करून सावलीत बसावे.

चैत्रात अक्कलकोटच्या स्वामी समर्थांचा प्रकट दिन आणि पुण्यतिथी, आषाढी-कार्तिकी, नवरात्र ते कोजागिरी, आणि संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वरांची गड्ड्याची यात्रा या काळात सोलापुरातल्या खोल्याही भरलेल्या असतात. गड्डा मुद्दाम पाहायला या, नंदीध्वजांची मिरवणूक पाहण्यासारखीच असते. पण त्याच फेरीत तिन्ही देवस्थाने बसवू नका.

अडीच तिकिटांत पाच माणसे

एसटीच्या सवलती एकत्र मांडून पाहिल्या तर बहुतेक कुटुंबांना स्वतःची गाडी किंवा टॅक्सी महाग पडते. महिलांना निम्मे तिकीट. ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना मोफत. ६५ ते ७५ वयाच्या ज्येष्ठांना निम्मे. ५ ते १२ वर्षांच्या मुलांना निम्मे. आता ७६ वर्षांचे आजोबा, ६८ वर्षांची आजी, आई, बाबा आणि आठ वर्षांचा मुलगा असे पाच जण धरा: आजोबा शून्य, आजी अर्धे, आई अर्धे, बाबा एक, मुलगा अर्धे. एकूण अडीच तिकिटे. आजी महिलाही आहेत आणि ज्येष्ठही, पण दोन्ही सवलती एकावर एक लागत नाहीत. ज्येष्ठांचे आधार कार्ड किंवा एसटीचे कार्ड जवळ नसेल तर वाहक पूर्ण तिकीट देतो आणि त्यात त्याची चूक नसते. ओळखपत्र बॅगेच्या तळाशी न ठेवता आजोबांच्या खिशात असू द्या.

महिला आणि ज्येष्ठांच्या या सवलती महाराष्ट्राच्या हद्दीपुरत्याच. गाणगापूर आणि विजयपूर कर्नाटकात येतात, त्यामुळे त्यांना सीमेपलीकडचे भाडे पूर्ण लागते. कर्नाटकातला महिलांचा मोफत प्रवासही तिथल्या रहिवासी महिलांसाठीच आहे.

टॅक्सी कधी परवडते? बाहेरगावच्या फेरीला गाडीवाले बहुधा दिवसाला २५० किंवा ३०० किलोमीटरचे किमान भाडे लावतात. सोलापूर-अक्कलकोट-सोलापूर ८० किलोमीटरच होतात, म्हणजे उरलेल्या १७० ते २२० किलोमीटरचे पैसे न फिरताच द्यायचे. त्यामुळे टॅक्सी करायचीच तर अक्कलकोट आणि गाणगापूर एका दिवसात जोडा. ही फेरी सव्वादोनशे किलोमीटरच्या आसपास होते आणि किमान भाड्यात बसते. भाडे ठरवताना तीन गोष्टी फोनवरच विचारून घ्या: कर्नाटकचा परवाना आणि कर धरला आहे का, टोल आणि पार्किंग कोणाकडे, आणि चालकाचा भत्ता वेगळा आहे का. परवान्याचे न विचारल्यामुळे सीमेवर वाद होतात, आणि तोवर गाडी बदलण्याची सोय राहिलेली नसते.

रेल्वेने सोलापूरला यायचे असेल तर आरक्षण ६० दिवस आधी उघडते. ५ वर्षांखालच्या मुलाला वेगळी जागा नको असेल तर तिकीट लागत नाही. ५ ते १२ वर्षांच्या मुलासाठी स्वतंत्र बर्थ घेतला तर पूर्ण भाडे, न घेता आईजवळ झोपवले तर निम्मे. एका रात्रीच्या प्रवासात सहा वर्षांच्या मुलासाठी वेगळा बर्थ घेण्याची गरज नाही, अकरा वर्षांच्या मुलासाठी मात्र घ्या. मुंबईहून रात्री निघून सकाळी सोलापुरात पोचणारी सिद्धेश्वर एक्स्प्रेस घेतली तर एका रात्रीचे खोलीभाडे वाचते. अक्कलकोटला मात्र रेल्वेने जाऊ नका. अक्कलकोट रोड स्टेशन गावापासून दूर आहे, तिथून पुन्हा वाहन करावे लागते.

जेवणाचे म्हणाल तर अक्कलकोटच्या अन्नछत्रात महाप्रसाद मिळतो. तो प्रसाद आहे, तेव्हा वाचलेल्या पैशांतले जमेल तेवढे दानपेटीत टाका. वाटेसाठी कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घ्या. दोन्ही बरेच दिवस टिकतात, आणि दही मिळाले की जेवण होऊन जाते.

खोली द्यावी की भाडेकरू ठेवावा

आता खोली देणाऱ्या घराकडे. हौसेने रंगरंगोटी आणि खरेदी सुरू करण्याआधी कागदावर आकडे मांडा. समजा तुमचा एक खोली-किचनचा रिकामा भाग भाडेकरूला दिल्यास महिना ८,००० रुपये मिळतील. तोच पाहुण्यांना रात्रीला १,५०० ने दिला. ॲपची दलाली १५ टक्के धरली तर २२५ गेले. झाडलोट आणि धुलाई २००, वीज-पाणी १३०, साबण-चहा-किरकोळ ५०. उरले ८९५. त्याशिवाय इंटरनेट आणि दुरुस्तीसाठी महिन्याला १,००० बाजूला काढा. म्हणजे जवळपास भाडेकरूएवढे पैसे सुटायला महिन्यात निदान दहा रात्री भराव्या लागतील. तुमचे आकडे वेगळे असतील, पद्धत हीच ठेवा. आणि तुमचे स्वतःचे श्रम या हिशेबात कुठेच नाहीत हे विसरू नका. पहाटे किल्ली द्यायला घरात कोणी उठणार नसेल तर भाडेकरूच बरा.

दहा रात्री केवळ भाविकांवर भरतीलच असे नाही. सोलापुरात दवाखान्यांसाठी धाराशिव जिल्ह्यातून आणि कर्नाटकातून माणसे येतात. रुग्णाजवळ एकालाच थांबता येते, बाकीचे नातेवाईक जागा शोधत असतात. हा पाहुणा आठवडाभर राहतो, आठवड्याच्या मधल्या वारी येतो आणि चुलीची सोय मागतो. त्याला रात्रीचा दर कमी करून आठवड्याचा दर द्या, पेजेपुरता इंडक्शन आणि दोन पातेली द्या. लग्नसराईत चादर-टॉवेल घ्यायला येणारे व्यापारी आणि परीक्षेला येणारी मुले हाही कायमचा वर्ग आहे. खोली सिव्हिल हॉस्पिटल, सात रस्ता किंवा स्टेशनजवळ असेल तर जाहिरातीच्या पहिल्या ओळीत तेच लिहा. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडला असेल तर गाडी लावायची जागा पुढे करा, कारण स्वतःच्या गाडीने येणारे कुटुंब हीच तिथली गिऱ्हाइके.

पाणी

सोलापुरात खोली देण्याचा विचार पाण्यापासून सुरू करा. नळाला रोज पाणी येत नाही, आणि पुण्या-मुंबईच्या पाहुण्याला हे माहीत नसते. तो नळ सोडून दात घासतो.

शहरी पाणीपुरवठ्याच्या आखणीत माणशी दिवसाला १३५ लिटर धरतात. पाच माणसांचे ६७५ लिटर झाले. चार दिवसांआड पाणी येते असे धरले तर २,७०० लिटर. उन्हाळ्यात कूलर रात्रीला साधारण ५० लिटर पितो, त्याचे चार रात्रींचे २०० मिळवा. म्हणजे घरच्या गरजेपेक्षा सुमारे ३,००० लिटर जादा साठा हवा. गच्चीवर १,००० ची टाकी आणि खाली २,००० चा हौद अशी विभागणी सोयीची, कारण सगळे वजन स्लॅबवर टाकणे बरे नाही. पाहुण्यांची टाकी आणि घरची टाकी वेगळी ठेवा, मध्ये एक व्हॉल्व्ह ठेवा. एकच टाकी असेल तर पाहुण्यांनी सकाळी संपवली की तुमच्या घरातही ठणठणाट होतो आणि मग बोलण्यात कडवटपणा येतो.

बोअरचे पाणी जड असते. त्यासाठी वापरायच्या आणि प्यायच्या पाण्याचे नळ वेगळे करा आणि खोलीत २० लिटरचा पिण्याच्या पाण्याचा जार ठेवा. शॉवरची जाळी क्षारांनी बुजते. महिन्यातून एकदा काढून रात्रभर व्हिनेगरमध्ये बुडवली की मोकळी होते. खरे तर या पाहुण्यांना शॉवरपेक्षा बादली आणि मोठा तांब्या हवा असतो, पाणीही त्याने वाचते.

पहाटेची अंघोळ

पाचही जणांना साडेपाचला निघायचे असते. तिथे गीझरचा आकार कळतो. जानेवारीच्या पहाटे नळाचे पाणी २० अंशांच्या आसपास असते, गीझरमधले ६०. अंघोळीला ४० अंशांचे लागते, म्हणजे गरम आणि गार निम्मेनिम्मे. १५ लिटरच्या गीझरमधून ३० लिटर, म्हणजे १५ लिटरच्या दोनच बादल्या. २ किलोवॅटच्या गीझरला पुन्हा तापायला साधारण २० मिनिटे. पाचव्या माणसाची बादली पहिल्यानंतर पाऊण तासाने निघते. २५ लिटरच्या गीझरमधून एका तापात तीन बादल्या मिळतात आणि नंतर सुमारे ३५ मिनिटे थांबावे लागते. त्यामुळे आकार वाढवून फार फरक पडत नाही. गीझर किती वाजता सुरू होतो यावर सगळे अवलंबून असते. २५ लिटरचा घ्या, त्याला टायमर लावा आणि तो पहाटे चारला सुरू होऊ द्या. गच्ची मोकळी असेल तर २०० लिटरचा सोलर बंब बसवा. सोलापूरच्या उन्हात तो वर्षातले बहुतेक दिवस काम भागवतो, गीझर फक्त पावसाळ्याला लागतो.

जड पाण्यामुळे गीझरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो. पाणी उशिरा तापू लागले आणि आतून कडकड आवाज आला की थर चढला असे समजा. वर्षातून एकदा टाकी उघडून थर काढा, त्याच वेळी टाकीला गंजण्यापासून वाचवणारा आतला ॲनोड रॉड झिजला असेल तर बदला. हा रॉड न बदलल्यामुळे टाकी गळू लागते आणि मग गीझरच बदलावा लागतो.

उन्हाळा

एप्रिल-मेमध्ये पारा ४० च्या वर जातो आणि वरच्या मजल्याची खोली रात्री अकरापर्यंत तापलेली असते. पहिले काम गच्चीला पांढरा उष्णतारोधक रंग किंवा चुना देण्याचे. ते न करता एसी लावला तर एसी स्लॅबशीच झगडत राहतो.

कोरड्या हवेत कूलर उत्तम चालतो, पण खिडकी किंचित उघडी ठेवली तरच. बंद खोलीत दोन तासांत हवा दमट होते आणि पाहुणा म्हणतो कूलर चालत नाही. हे भिंतीवर लिहून ठेवा. पाऊस सुरू झाला की कूलरचा उपयोग संपतो. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी रात्रभरात ८ ते १० युनिट घेतो, कूलर दोनच्या आत. म्हणून एसीसह आणि एसीविना असे दोन दर ठेवा आणि पाहुण्याला निवडू द्या. हिवाळ्यात येणाऱ्याने एसीचे पैसे का द्यावेत?

अंथरूण-पांघरूण

ही सोलापुरात सगळ्यात स्वस्तात होणारी गोष्ट, आणि इथेच बरेच जण ऑनलाइन पांढरी हॉटेल-चादर मागवतात. पांढरी नकोच. तुळजापूरहून येणारा पाहुणा हळद-कुंकवाचा मळवट भरून येतो आणि तसाच उशीवर डोके टेकतो. हळदीच्या डागाला साबण लावला की तो लालसर तपकिरी होतो आणि लोक घाबरून ब्लीच ओततात. आधी नुसत्या गार पाण्यात धुवा, मग साबण लावा, आणि कडक उन्हात दोन दिवस वाळत घाला. हळदीचा रंग उन्हाने उडतो. कुंकवाचा इतक्या सहज जात नाही, म्हणून अभ्रे गडद मरून किंवा चॉकलेटी घ्या.

पांघरायला सोलापुरी चादर द्या, अंथरायला नको. तिची वीण जाड असते, अंगाखाली टोचते आणि रोज धुवायला जड जाते. अंथरायला साधे सुती बेडशीट, प्रत्येक गादीमागे तीन: एक गादीवर, एक धुलाईत, एक कपाटात. पावसाळ्यात चौथे लागते. टॉवेल थेट टेरी टॉवेलच्या कारखान्याच्या दुकानातून वजनावर घ्या. ३० बाय ६० इंचांचा ४०० जीएसएमचा (चौरस मीटरला ४०० ग्रॅम) टॉवेल सुमारे ४६५ ग्रॅम भरतो आणि सोलापूरच्या हवेत अर्ध्या दिवसात वाळतो. ६०० जीएसएमचा ७०० ग्रॅम भरतो, दिसतो छान, पण जुलैत त्याला वास मारतो.

एक डबलबेड आणि भिंतीला उभ्या करता येतील अशा दोन पातळ गाद्या, एवढी मांडणी पाच जणांना पुरते. सहावा माणूस घेऊ नका. पाण्याचा, गीझरचा आणि मनःशांतीचा सगळा हिशेब पाचावर बसवलेला आहे. कमोड हवाच. ज्येष्ठ पाहुणे जास्त येतात, म्हणून त्याशेजारी पकडायला एक दांडाही बसवा.

वेळा

दुपारी १२ ची चेक-इन इथे उपयोगाची नाही. रात्रीच्या गाडीने आलेले कुटुंब सकाळी सातलाच दारात असते. २४ तासांची पद्धत ठेवा: सातला आलात, उद्या सातला सोडा, त्यावर तासाला इतके. आदल्या रात्री खोली रिकामी असेल तर लवकर येऊ द्यायचे पैसे घेऊ नका. रात्रीच्या गाडीने परतणाऱ्यांना दिवसभर बॅगा ठेवायला जागा आणि संध्याकाळी अंघोळीची सोय अर्ध्या दरात द्या. लोक हे लक्षात ठेवतात आणि गावी जाऊन सांगतात.

घरातल्या सूचना मराठीबरोबर तेलुगू आणि कन्नडमध्येही लिहा. सोलापुरात या भाषा लिहिणारा माणूस शेजारच्याच गल्लीत मिळतो. सूचना पाचच: पाणी, कूलरची खिडकी, गीझरची वेळ, मुख्य दाराची कडी, रात्री दहानंतर शांतता. सोबत एसटीच्या वेळा आणि वर दिलेले गर्दीचे वार लिहा.

आषाढीला सोलापुरात पालख्या आणि दिंड्या येतात. चालत येणाऱ्या वारकऱ्याकडून रात्रीच्या टेकण्याचे पैसे घेऊ नयेत, ही या गावाची रीत आहे. त्या दिवसांत खोली गाडीने येणाऱ्यांना द्या आणि ओसरी वारकऱ्यांना मोकळी ठेवा.

कागदपत्रे आणि पैसे

सोसायटीत असाल तर आधी लेखी ना-हरकत घ्या, नाहीतर पहिल्याच गर्दीच्या आठवड्यात तक्रार होते. पर्यटन खात्याकडे निवास-न्याहारी म्हणून नोंदणी करता येते, त्यासाठी मालकाने त्याच घरात राहावे लागते. घरगुती मीटरवर व्यवसाय चालवल्याचे ठरले तर वीज कायद्याखाली दुप्पट दराने आकारणी होऊ शकते. महावितरणच्या कार्यालयात लेखी विचारून उत्तर फाईलला लावा. घरपट्टीचेही महापालिकेत तसेच करा. घरगुती गॅस सिलिंडर पाहुण्यांच्या खोलीत ठेवू नका. इंडक्शन द्या आणि दाराशी २ किलोचे एबीसी अग्निशामक टांगा.

वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी लागत नाही. ॲपवरून आलेल्या बुकिंगचा जीएसटी ॲपच भरते. ॲपला पॅन मात्र द्या, न दिल्यास टीडीएस ५ टक्क्यांनी कापला जातो.

प्रत्येक प्रौढ पाहुण्याचे ओळखपत्र पाहा, वहीत नाव, गाव, फोन, येण्या-जाण्याची वेळ लिहा. आधारची प्रत घ्यायची तर पहिले आठ अंक झाकलेलीच घ्या. परदेशी पाहुणा आला तर २४ तासांत त्याची माहिती सरकारकडे ऑनलाइन भरावी लागते, ओळखीचा असला तरी. कॅमेरा फक्त बाहेरच्या दारावर, आणि तो आहे हे जाहिरातीत लिहिलेला.

आगाऊ रक्कम निम्मी घ्या. एकादशी, नवरात्र आणि गड्ड्याच्या दिवसांत किमान दोन रात्रींची अट ठेवा आणि दर नेहमीच्या दीडपटीपुढे नेऊ नका. रद्द करण्याचा नियम सोपा असावा: सात दिवस आधी कळवले तर सगळे परत, तीन दिवस आधी निम्मे, त्यानंतर काही नाही. घरात मृत्यू किंवा आजारपण सांगितले तर नियम बाजूला ठेवून त्याच दिवशी यूपीआयने पूर्ण रक्कम परत पाठवा आणि ती तारीख लगेच पुन्हा बुकिंगसाठी खुली करा.